केळीखालची नळी

मे महिन्यात धानोऱ्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "मिस्तरी, ठिबकच्या नळ्या काढल्यात. संध्याकाळपर्यंत आले तर आले, नाहीतर काडी लावतो." मी हातातली मोटार तशीच उघडी टाकली, पोराला दुकानावर बसवलं आणि छोटा हत्ती भाड्यानं घेऊन निघालो. अशा जुन्या नळ्यांच्या मी खाटा विणतो. काडी लावणं म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात बांधाबांधावर काळ्या धुराचे खांब उभे राहतात. तो धूर घरातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, म्हशीच्या पाण्यावर बसतो, आणि जिथं जळालं तिथली जमीन डांबर सांडल्यासारखी दिसते.

चोपडा–यावल रस्त्यावर माझं मोटारी भरायचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. बोअरची सबमर्सिबल जळाली की ती माझ्याकडे येते. जळकं तांबं काढायचं, खोबणी साफ करायच्या, नवी तार भरायची. तांब्याला भाव असतो, त्यामुळे ते कधी वाया जात नाही. वाया जातं बाकीचं सगळं: झिजलेले नॉरिलचे इंपेलर (पाणी ढकलणारी, पात्यांची प्लॅस्टिकची चाकं), गनमेटलचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्या), वाकलेले शाफ्ट, शॉर्ट झालेलं स्टॅम्पिंग, गंजलेले जीआयचे कॉलम पाइप (बोअरमधून पाणी वर आणणारे, जस्त चढवलेले लोखंडी पाइप). दुकानामागं त्याचा ढीग साचत गेला आणि त्या ढिगातूनच माझं हे दुसरं काम सुरू झालं. बायको त्याला "तुमचं दुसरं दुकान" म्हणते. या दुसऱ्या दुकानात पहिल्यांदा काय बनलं असेल तर खाट. आणि ती पहिली खाट तुटली.

ती गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं मी त्यातून शिकलो.

मायची जुनी खाट सुताची होती, तिचे लाकडी पाय किडले होते. मी सव्वा इंची जीआयच्या जुन्या कॉलम पाइपचा सांगाडा केला. सहा फूट बाय तीन फूट. (जीआय जोडताना एक सांभाळावं: जिथं वेल्डिंग करायचं तिथला जस्ताचा थर आधी ग्राइंडरनं घासून काढावा आणि काम उघड्यावर करावं. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मला भरलेला आहे.) विणायला मी रस्त्याकडेला पडलेल्या ठिबकच्या नळ्या उचलून आणल्या. कपाशीच्या शेतातून काढून कोणी टाकल्या होत्या. दिसायला चांगल्या होत्या, काळ्याभोर. दोन दिवसांत खाट विणून झाली. माय बसली, हातानं दाबून पाहिलं, मग म्हणाली, "हाई खाट मना भार लेई का रे भाऊ?"

मी म्हटलं, घेईल.

तीन आठवड्यांनी रात्री दोनच्या सुमाराला ओसरीवरून आवाज आला, ओली काठी मोडावी तसा. मग लागोपाठ अजून चार-पाच. धावत गेलो तर माय कमरेपासून खाली गेलेली, पाय वर, हात पाइपला धरलेले. लागलं नव्हतं तिला. पण त्या रात्री मी झोपलो नाही. कंदिलासारखा बल्ब लावून तुटलेले तुकडे बघत बसलो. एक तुकडा बोटांत धरून दुमडला. घडीवर बारीक-बारीक तडे गेले, कर्रकन आवाज झाला आणि नळी हातात दोन झाली.

ठिबकची नळी काळी का असते, तर तिच्यात काजळी मिसळलेली असते. ऊन प्लॅस्टिकला खातं, ते ऊन ही काजळी अंगावर घेते. पण तिचीही एक मर्यादा आहे. कपाशीत एप्रिल-मे महिन्यात रान मोकळं असतं, नळी उघड्यावर पडलेली असते, आणि आमच्याकडचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं. केळीच्या बागेत तसं होत नाही. बाग एकदा उभी राहिली की खाली बारा महिने सावली आणि ओल. तिथली नळी सात-आठ वर्षांनी काढली तरी आतून जिवंत असते. ती बदलतात ती वेगळ्याच कारणांनी: खतातला आणि पाण्यातला क्षार तोंडाशी बसतो, ॲसिड सोडूनही निघत नाही, किंवा खारी नि उंदीर कुरतडतात. पाणी द्यायला ती निकामी झालेली असते, पण ओढ घ्यायला अजून धडधाकट असते.

तेव्हापासून मी फक्त केळीखालची नळी घेतो. आणि प्रत्येक बंडलातली नळी तीन ठिकाणी दुमडून बघितल्याशिवाय आत येऊ देत नाही.

आता खाट कशी विणतो ते सांगतो. साधी सोळा एमएमची नळी घ्यावी, ज्यात ड्रिपर, म्हणजे थेंब सोडायच्या तोट्या, वरून टोचलेले असतात. इनलाइन नळीत आतच ड्रिपरची गाठ असते, ती झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते. त्या नळीच्या मी टोपल्या करतो आणि रोपांभोवतीची कुंपणं. नळी आधी धुवायची. आत माती, शेवाळ, कधीकधी मुंग्यांची वारूळं असतात. मग चूल पेटवून मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी आणायची. शेतात जॉइनर बसत नसेल तर आपण नळीचं तोंड गरम पाण्यात बुडवतो ना, तीच युक्ती. उकळत्या पाण्यात मिनिटभर राहिली की नळी मऊ होते. ती बाहेर काढून दोन लाकडी लाटण्यांमधून ओढायची. माझी लाटणी म्हणजे जुन्या शाफ्टवर बसवलेले दोन बाभळीचे रूळ आहेत. ओढली की ती एक इंच रुंदीची पट्टी होऊन बाहेर येते. थंड पाण्यात टाकली की तशीच राहते.

विणताना आधी लांबीच्या अठरा पट्ट्या, मग आडव्या छत्तीस, एक वरून एक खालून. पट्टी पाइपाला वळसा घालून खालून परत येते, त्यामुळे दुहेरी विणकाम होतं. हिशोब केला तर एका खाटेला सव्वाचारशे-साडेचारशे फूट नळी लागते. एक एकर केळीत पाच फुटांवर ओळ धरली तर साडेआठ हजार फुटांच्या वर नळी पसरलेली असते, तीही ओळीला एकच धरली तर. म्हणजे एका एकरातून वीस खाटा. माझ्या दुमडायच्या परीक्षेत अर्धी नळी नापास होते असं धरा, तरी दहा. जी एका संध्याकाळी काडी लावून संपते तिच्यावर दहा माणसं झोपू शकतात. हा हिशोब मी त्या धानोऱ्याच्या शेतकऱ्याला बांधावर बसून सांगितला. त्यानं नळ्यांचे पैसे घेतले नाहीत, एक खाट मागितली.

नापास झालेली नळी मी भंगारवाल्याला देतो. ती जळगावला जाते. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांचा मोठा धंदा आहे हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. जुनं प्लॅस्टिक धुऊन, वितळवून त्याचा दाणा होतो, दाण्याची पट्टी ओढली जाते आणि पट्टीची चटई विणतात. लग्नाच्या मांडवात आपण जेवायला बसतो त्या चटईत कुणाची तरी जुनी बादली, खुर्ची असू शकते. आमच्या भागात टाकलेल्या वस्तूला दुसरा जन्म देणं ही काही आजची फॅशन नाही. माझ्या लहानपणी तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला घरात केवढा मान होता! त्याचं झाकण कापून धान्याची कोठी व्हायची, उभा कापला की सूप, आडवा कापला की शेगडी, डाख देऊन दोन जोडले की ट्रंक. अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढं त्याचीच विप्रो झाली, हे आता सगळे अभिमानानं सांगतात. मला मात्र वनस्पतीचा डबा म्हटलं की आमच्या परसातली तुळस आठवते. ती अशाच एका डब्यात होती.

आणि फैजपूर. डिसेंबर 1936 मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी नंदलाल बोसांना बोलावून सांगितलं की इथल्या मातीत, इथल्या हातांना जे मिळतं त्यातूनच नगर उभं करा. बांबूच्या कमानी आणि मंडप झाले. आजोबा लहानपणी आम्हाला त्याची गोष्ट सांगायचे तेव्हा त्यात पुढारी कमी आणि बांबू जास्त असायचे. फैजपूरवरून जाताना मी अजूनही तेच डोळ्यासमोर आणतो.

गेल्या वर्षी एका शाळेनं मला बोलावलं. टाकाऊपासून टिकाऊचं प्रदर्शन होतं. पोरांनी मेहनत घेतली होती. पण टेबलावर काय होतं? पाण्याच्या बाटलीची फुलदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, सीडीचा मोर. सगळ्याला चमकी आणि फेविकॉल. मला वाईट एवढंच वाटलं की यातलं एकही पुढच्या आठवड्यात घरात राहणार नव्हतं. दोन शब्दांतला पहिला शब्द सगळ्यांनी केला होता, दुसऱ्याकडे बघायला कोणी शिकवलंच नव्हतं. टिकाऊ म्हणजे रोज हात लागला, ऊन लागलं, पोरं त्यावर नाचली तरी जे उरतं ते.

म्हणून मी भाषण केलं नाही. पाण्यानं भरलेली बादली मागवली. पिशवीतून प्लॅस्टिकचे तुकडे काढले: ठिबकची नळी, दह्याचा डबा, शेतातला पांढरा पीव्हीसी पाइप, पाण्याची बाटली. एकेक मुलाला एकेक तुकडा बुडवायला सांगितलं. नळी आणि दह्याचा डबा वर आला. पाइप आणि बाटली तळाशी गेली. (बाटलीचा तुकडाच घ्यावा, पूर्ण बाटली हवेमुळे तरंगते.) वर येणारं ते पॉलिथीन नाहीतर पॉलिप्रॉपिलीन, पाण्यापेक्षा हलकं. ते गरम करून वळवता येतं, पट्टी होते, विणता येतं. बुडालेल्यातलं पीव्हीसी गरम करायचं तर फार जपून. आपल्याकडे शेतात पाइपाचं तोंड जाळावर धरून सॉकेट करतात ना, तेव्हा पाइप काळा पडू लागला आणि डोळे चुरचुरले की समजावं, ॲसिडचा वायू सुटलाय. लांब व्हावं.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "मग सर, जे बुडतं ते वाईट का?"

मला तो प्रश्न फार आवडला. मी सांगितलं, वाईट नाही गं. तुझ्या वडिलांच्या शेतात जमिनीखाली जो पाइप आहे तो तुझं लग्न होऊन तुझी पोरं शाळेत जातील तोवर तिथंच राहील. त्याला फक्त जाळाजवळ नेऊ नये. त्याचं कापून, भोकं पाडून, नटबोल्टनं जोडून काहीही करावं. त्या दिवशी आम्ही पाइपाच्या तुकड्यांचं शाळेच्या नळाजवळ चप्पल ठेवायचं शेल्फ केलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, एकेका भोकात एकेक चप्पल. परवा त्या रस्त्यानं गेलो तेव्हा थांबून बघून आलो. आहे. दोन पाइप पोरांनी फोडलेत, बाकी शाबूत आहे.

हे वाचून कोणी म्हणेल की मिस्तरींना शोभेच्या वस्तू आवडत नाहीत. तसं नाही. चंदीगडला नेकचंद यांचं रॉक गार्डन मी पाहिलंय. एका रोड इन्स्पेक्टरनं 1957 पासून कोणाला न सांगता फुटक्या बांगड्या, कपबश्या, बेसिनचे तुकडे जमवून ते उभं केलं आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथं फुटक्या बांगड्यांच्या बाया रांगेनं उभ्या आहेत. त्यांचा काय उपयोग, असं मनातसुद्धा येत नाही. आणि त्या ऊन-पावसात इतकी वर्षं टिकल्या आहेत.

माझ्याकडेही एक जोडी आहे. 2016 च्या दिवाळीनंतर आम्ही बैल विकले. ट्रॅक्टर होता, चारा परवडत नव्हता, वडील थकले होते. विकताना कोणी काही बोललं नाही. पण पुढच्या श्रावणात पोळा आला आणि घर सुनं-सुनं झालं. बायकोनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, मायनं बाजारातून मातीचे बैल आणून पुजले. वडील जेवले नाहीत नीट.

त्या वर्षी पावसाळ्यात माझ्याकडे दोन सहा इंची मोटारी आल्या होत्या, पार शॉर्ट झालेल्या, स्टॅम्पिंगसकट गेलेल्या. स्टॅम्पिंग म्हणजे लोखंडाच्या पातळ चकत्या, आतल्या बाजूनं दातऱ्या असतात, त्यात तार भरतो. त्या चकत्या मी सुट्या केल्या. एकापुढं एक, मधे बोटभर अंतर ठेवून दोन गजांवर ओवल्या तेव्हा समोर बैलाच्या बरगड्या दिसल्या. अगदी तशा, आमचा सर्जा उन्हाळ्यात वाळायचा तेव्हा दिसायच्या तशा. मग मला थांबवेना. पाय शाफ्टचे. वशिंड म्हणजे अर्धा इंपेलर, त्याच्या वळणदार पात्यांमुळे वशिंडावर केसांचा भोवरा असतो तसा दिसतो. शिंगांना गज तापवून वाकवले, एकाची शिंगं थोडी आत वळलेली, कारण पवळ्याची तशी होती. गळ्यात गनमेटलचा बुश टांगला. आत नट लोंबकळत ठेवला तर घाटीसारखा वाजला.

वडिलांना आधी दाखवलं नाही. पुढच्या वर्षीच्या पोळ्याला ओट्यावर आणून ठेवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग उजव्या बैलाच्या शिंगावर हात ठेवून म्हणाले, "हा पवळ्या." दुसरं काही बोलले नाहीत. आत जाऊन हिंगूळ आणि तेल घेऊन आले आणि शिंगं रंगवायला बसले. आता दर पोळ्याला त्या जोडीची पूजा होते. गल्लीतली ज्यांनी बैल विकले ती घरंही येतात. यात किती लोखंड लागलं, किती दिवस गेले, हे मी मोजलं नाही.

खाटांचं मात्र मोजतो. एका खाटेला माझे दोन दिवस जातात, शिवाय नळी धुण्यात बायकोचा अर्धा. मी अठराशे रुपये घेतो. एका प्रदर्शनात एक गृहस्थ म्हणाले, "भंगाराचंच तर आहे, आठशेला द्या." मी शांतपणे त्यांना खाटेवर बसायला सांगितलं. मग त्यांच्या सोबतच्या दोघांना. मग अजून एकाला. चौघं बसले. मी म्हटलं, आता किंमत बोला. त्यांनी घेतली नाही, पण त्यातला एक जण दोन महिन्यांनी दुकानावर शोधत आला. माझं म्हणणं आहे की वस्तू कशापासून बनली म्हणून तिची कीव करून कोणी घेऊ नये आणि त्याच कारणानं कोणी पाडूनही मागू नये. बसून बघावं, ओढून बघावं, उलटी करून खालची वीण बघावी.

मायची दुसरी खाट, केळीखालच्या नळीची, आता सात वर्षांची झाली. पायथ्याची ताणदोरी दर दिवाळीला दोन बोटं ओढावी लागते, एवढंच. पहिल्या रात्रीनंतर सकाळी तिनं सांगितलं होतं, "रातले झोप चांगली लागनी." तेव्हापासून ती दुसऱ्या खाटेवर झोपत नाही. पाहुण्यांनाही देत नाही.

पण गेल्या महिन्यात तिनं आपणहून देऊ केली. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय. माय म्हणाली, माझी खाट बाळंतिणीला द्या. आणि मला नाही म्हणावं लागलं. कारण बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी येणार, निखारे येणार, ओवा आणि शेपा येणार. डॉक्टरांनी खोलीत धूर करायला मनाई केली आहे, तेव्हा शेवटी ठरलं ते असं की ओसरीवर, उघड्यावर, थोडा वेळ शेक. तरी निखारा तो निखाराच. जी नळी उकळत्या पाण्यात मऊ होते ती निखाऱ्यावर काय टिकणार? मी मायला पातेल्यातली मऊ झालेली नळी उचलून दाखवली. तिला पटलं. म्हणाली, मग सुताची कर. सूत कुठून आणू, असं मी विचारायच्या आत ती तिची ट्रंक उघडत होती.

तिची जुनी सुती लुगडी. नऊवारी, धुऊन-धुऊन मऊ झालेली, गोधडीसाठी राखून ठेवलेली. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या लांबीत फाडायच्या. पट्टीचं एक टोक ड्रिल मशीनमध्ये धरायचं आणि दुसरं टोक बायकोनं ओट्याच्या खांबाजवळ ताणून धरायचं. मशीन सावकाश फिरवली की पीळ बसत जातो. पीळ पुरता बसला की दोर मधोमध धरून दुमडायचा, तो आपोआप आपल्याच अंगाभोवती वळतो. तुटत नाही, टोचत नाही. एका लुगड्यातून दीडशे फुटांच्या आसपास दोरी निघते आणि सुताच्या खाटेची वीण दाट लागते, म्हणून नऊशे फूट तरी हवी.

माय बाजूला पाटावर बसून प्रत्येक लुगडं फाडायच्या आधी हातात घेते. हे हिरवं कानबाईच्या रोटांना घेतलेलं, हे तुझ्या मुंजीला, हे तुझ्या बापानं कपाशीला भाव लागला त्या वर्षी शिरपूरहून आणलेलं. सांगून झालं की स्वतःच काठाला दातानं चीर देते आणि माझ्याकडे देते.

पाच लुगडी झाली. सहावं नाही. धुळ्याच्या बहिणीला फोन करून सांगितलंय, शनिवारी येताना एक जुनं सुती लुगडं घेऊन ये, टेरिकॉटचं चालणार नाही.